नकाशात नसलेली वस्ती

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. पहिलीचं पुस्तक हातात येण्याआधी गुलाबी, पिवळ्या कागदांवरची जाड अक्षरं मला ओळखू येत होती. अप्पा सडकेच्या गँगमध्ये कामाला होते. दिवसभर खडी पसरायची, डांबर ओतायचं आणि सुट्टीच्या दिवशी जिथं सभा असेल तिकडं जायचं. उदगीर, भालकी, कधी पार लातूर. येताना शर्टाच्या आत, पोटाशी पत्रकं ठेवून आणत. घामानं शाई सुटायची आणि बनियनवर उलटी अक्षरं उमटायची. माय धुताना म्हणायची, "समदं अंगावरच छापून आनलंय, आता कागद कशाला पायजे?"

आमच्या वस्तीनं धर्म बदलला तेव्हा मी जन्मले नव्हते. घरातले देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, मग गावानं काम देणं बंद केलं, हे सगळं मी अप्पांच्या तोंडून ऐकलं आणि पत्रकांतही वाचलं. दोन्हींची भाषा एकच होती. त्यामुळं त्यातलं अप्पांच्या आठवणीतलं किती आणि छापलेलं किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. मला तशी गरजही वाटत नाही. ज्या घरात संध्याकाळी बाप कंदिलाजवळ बसून माणसाच्या हक्काबद्दल मोठ्यानं वाचतो, त्या घरात मी वाढले. याहून मोठं काही कुणाला मिळालं असेल तर त्यानं मला सांगावं.

त्या पत्रकांत एक जपानवरचं होतं. वर आगगाडीचं धूसर चित्र. जपाननं बुद्धाला जवळ केलं म्हणून तिथं कुणी उंच नाही, कुणी नीच नाही. म्हणूनच तिथला माणूस यंत्रं घडवतो आणि आपण अजून एकमेकाच्या सावल्या चुकवत फिरतो, असं त्यात लिहिलं होतं. अप्पांना ते तोंडपाठ होतं. गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेले कप बाहेरच्या फळीवर वेगळे ठेवलेले असत. अप्पांनी त्या कपाला कधी हात लावला नाही. दारावरून जाताना कुणी टोकलं की एवढंच म्हणायचे, "जपानात असं न्हाई." त्यावरून गावानं त्यांचं नाव जपानी ठेवलं.

"काय जपानी," हॉटेलवाला गल्ल्यावरून विचारायचा, "तुमच्याकडं पाऊस कसा काय?"

"चांगला हाय," अप्पा न थांबता म्हणायचे. "समद्यांवर सारखाच पडायलाय."

ऐंशीच्या पुढं मी गुलबर्ग्याला शिकायला गेले. विद्यापीठ तेव्हा नवं होतं. लावलेली झाडं खांद्याला लागायची आणि सावली फक्त इमारतींची. इंग्रजीत एम.ए. झाल्यावर एम.फिल.साठी विषय सांगायची वेळ आली, तेव्हा मी आधुनिक जपानी कादंबरी असं सांगितलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या. त्यांच्या घरात कन्नड, पण गाव सरहद्दीवरचं, त्यामुळं मराठी त्यांच्या कानांत लहानपणापासून होती. त्यांनी विचारलं, "जपानच कशाला?"

मी म्हणाले, "तो आमचा देश आहे."

त्या हसल्या नाहीत. विभागातली बाकीची मंडळी पुढं कितीतरी दिवस हसत होती. मॅडमनी फक्त मान हलवली आणि हैदराबादहून मागवावी लागणारी पुस्तकं कोणती, ते लिहून घेतलं.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. दर आठवड्याला मी काही पानं वाचून जायचं. त्यांच्यासमोर पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं मराठीत सांगायचं, मायला किंवा शेजारणीला सांगावं तसं. इंग्रजी शब्द आला की त्या हात वर करायच्या. "जे तुझ्या भाषेत सांगता येत नाही, ते तुला कळलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. इथवर इंग्रजीसाठी आले आणि ही बाई मला परत घरच्या बोलीत ढकलते. पण हळूहळू मला त्याची गोडी लागली. जपानातलं बर्फ मी मराठीत पाडायला शिकले.

पहिला अध्याय मी एका दमात लिहिला. आधुनिक जपानी लेखकानं राजवाड्याच्या जुन्या साहित्याला लाथ मारली आणि तो माणसात आला, असं माझं म्हणणं. प्रत्येक वाक्य सभेत म्हणता येईल असं. मॅडमनी ते परत दिलं तेव्हा समासात जागोजागी एकच शब्द होता: पुरावा?

मी भांडले. "मॅडम, हे जुनं सगळं सरंजामदारांचं. चंद्राकडं बघत बसलेली माणसं. त्यांच्या ताटातला भात कोण पिकवत होतं, ते एका ओळीत तरी आहे का?"

"चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "लिहून ठेव. आता ते जुनं वाचून ये." मग गुलबर्ग्याच्या बाजारातल्या बोलीत, "गुस्सा करना सो करो, पढ के करो."

मी वाचलं. राग होताच, पण वाचलं. जुन्या काळी तिथले पुरुष मोठेपणासाठी चिनी भाषेत लिहायचे आणि दरबारातल्या बायका घरच्या बोलीत, सोप्या लिपीत लिहायच्या, आणि टिकलं ते बायकांचं. हे वाचून मी पहिल्यांदा थांबले. आमच्याही सरहद्दीवरच्या तालुक्यात कचेरीची भाषा कन्नड, आजोबांच्या वेळच्या कागदांची उर्दू आणि चुलीजवळची मराठी. त्या बायका राजवाड्यातल्या होत्या हे मी विसरले नाही. पण त्यांची अडचण मला ओळखीची निघाली. मग त्यांच्या साखळी कविता वाचल्या: एकानं ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तिला धरून भलतीकडंच वळायचं. आगगाड्या आणि कारखान्यांवर लिहिणारे नवे लेखकही प्रकरणं तशीच वळवतात, हे मॅडमनी पानावर बोट ठेवून दाखवलं.

आणि नो नावाचं जुनं नाटक. त्यात एक वाटसरू एका गावी येतो. तिथं त्याला एक साधं माणूस भेटतं. त्या जागेबद्दल काही सांगतं आणि निघून जातं. मग कळतं की ते माणूस केव्हाच मेलेलं आहे. पुढच्या भागात ते आपल्या खऱ्या रूपात येतं आणि आपल्यावर काय गुदरलं ते सांगतं. वाटसरूचं काम एकच, नीट ऐकणं.

शेवटी मॅडमनी मला एक लहान कादंबरी दिली. लेखक फार गाजलेला नव्हता. रेल्वेसाठी जमीन मोजणारा एक माणूस नदीकाठच्या गावात नकाशा काढायला येतो. संध्याकाळी त्याला वाळूवर एक बाई कातडं खरवडताना दिसते. वरच्या टेकडीवरच्या देवळात मोठा ढोल आहे, तिच्या नवऱ्यानं कमावलेल्या कातड्याचा. पण नवऱ्याला देवळाच्या फाटकातून कधी आत घेतलं नाही. त्यानं आपला ढोल आयुष्यभर वाळूवर उभं राहून ऐकला. दुसऱ्या दिवशी मोजणीदार गावात चौकशी करतो. लोक म्हणतात, तिथं कुणी राहत नाही. त्याच्याजवळच्या जुन्या नकाशातही ती वस्ती नाही. नुसती वस्तीच नाही, तिच्यातून जाणारा रस्त्याचा तुकडाही अंतरात धरलेला नाही.

मी वाचनालयात बसून पुढचं वाचलं आणि मग कातड्याची ती ओळ परत वाचली. कातडं कमावणारे, मेलेली जनावरं उचलणारे, गावाबाहेरचे. बुद्धाच्या देशात.

लेखकानं हे मनानं रचलं असेल, अशा आशेनं मी मॅडमकडं गेले. त्यांनी इतिहासाचं एक पुस्तक काढून दिलं. ते खरं होतं. तशा वस्त्या होत्या. नकाशातून त्या खरोखर गाळत. काही ठिकाणी तर देवळातले भिक्षूच त्या लोकांच्या थडग्यांवर कमीपणाची नावं कोरत. मेल्यावरसुद्धा सुटका नाही.

"मला विषय बदलायचाय," मी म्हणाले.

"तू जपानला चारित्र्याचा दाखला द्यायला बसली आहेस का?" त्यांनी विचारलं. "हे पुस्तक लिहिलं कुणी?"

"जपानी माणसानंच."

"आणि कशाच्या आधारानं लिहिलं? वाटसरू येतो, मेलेलं माणूस बोलतं, हे कुठलं?"

ते त्या जुन्या, राजवाड्यातल्या नाटकाचं होतं. सरदारांच्या मेलेल्या वीरांना बोलता यावं म्हणून जी चौकट केली होती, त्याच चौकटीत या लेखकानं नदीच्या वाळूवरची मेलेली बाई आणून उभी केली होती.

"तुझा पहिला अध्याय चुकला," मॅडम म्हणाल्या. "विषय नाही चुकला."

विद्यापीठात एवढं कळणं पुरे होतं. पण त्याच आठवड्यात गावाकडून आलेल्या एकानं अप्पांचा निरोप आणला. बुद्धपौर्णिमेला विहारात माझं भाषण ठेवलंय. विषय जपान. गावातल्यांनाही सांगितलंय, हॉटेलवाल्यालासुद्धा.

हुमनाबादवरून गाडी बदलून मी कमलनगरला उतरले तेव्हा अप्पा फाट्यावर उभे होते. त्यांनी नवा शर्ट शिवला होता. वस्तीत जाईपर्यंत तेच बोलत होते: विहाराला चुना दिला, सतरंजी आणली, पत्र्याच्या फळ्यावर खडूनं स्वतः लिहिलं. मला बोलायला फटच मिळेना. जेवण झाल्यावर, दुपारी, ते भिंतीला टेकले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. एवढी वर्षं ज्या एका वाक्यावर हा माणूस ताठ चालत आला होता, तेच वाक्य मी त्याच्या हातातून काढून घेत होते.

ते भिंतीपासून सरळ झाले. मग म्हणाले, "हे कोन लिवलंय? इंग्रज?"

"न्हाई अप्पा. जपानी."

"इंग्रजानं लिवून घेतलं असंल."

"न्हाई."

"मंग उद्या हे बोलू नको."

"मंग काय बोलू?"

"कागदातलं बोल. तुला पाठ हाय."

"ते खरं न्हाई, अप्पा."

"अर्धं तर खरं हाय का न्हाई? गाडी हाय का न्हाई त्यायची?" त्यांचा आवाज चढला. "आयुष्यभर त्या हॉटेलपुढून मी काय बोलत आलो, ठाव हाय ना तुला? उद्या तो समोर बसनार. त्याच्या पुढं मला खोटं पाडायलीस?"

माय आतून म्हणाली, "खोटं बोलू नको म्हनून तिला तुमीच मारलंय लहानपनी. आता कामून वरडायलाव?"

अप्पा उठले. चप्पल घालता घालता म्हणाले, "बोल. तुला जे बोलायचं ते बोल. मी ऐकनार न्हाई."

ती रात्र आणि दुसरा दिवस मी भाषणाचे मुद्दे लिहीत आणि खोडत काढला. बापाला वाचवायला खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं नाही, असं म्हटलं तर ते पत्रकासारखं होईल. वाटलं. पण मी ज्या कागदांवर वाढले, त्यांनी मला हे करू दिलं नाही, आणि ते कागद अप्पांनीच पोटाशी धरून आणले होते. शेवटी मी मुद्दे बाजूला ठेवले. मॅडमसमोर जे करायचे तेच करायचं ठरवलं: पुस्तक मिटायचं आणि गोष्ट सांगायची.

ऊन उतरल्यावर लोक जमले. वंदना झाली. हॉटेलवाला आणि गावातली चार माणसं बाहेरच्या कट्ट्यावर बसली; सतरंजीवर येत नव्हती आणि जातही नव्हती. अप्पा दाराजवळ, सगळ्यांच्या मागं, तोंड बाहेर करून बसले होते. मी म्हणाले, आज भाषण नाही, जपानातली एक गोष्ट सांगते. एक मोजणीदार होता, तो नदीकाठच्या गावाला आला.

ढोलाचं कातडं येईपर्यंत कुणी हललं नाही. मग अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, पुढून म्हणाली, "थांब. त्यायचं पानी येगळं व्हतं का?"

"व्हय आत्या. नदीच्या खालच्या अंगाला."

"आन् मेलेलं ढोर उचलायला त्यायलाच बोलवायचे?"

"त्यायलाच."

"मंग हे तर आपलेच हायत की," ती शेजारणीकडं बघून म्हणाली, लांबच्या नात्यातलं कुणी अचानक सापडावं तशी.

मी पुढं सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी ती बाई परत येते. आता मोजणीदाराला कळलेलं असतं की ती जिवंत नाही. ती सांगते, एका वर्षी पूर आला. वस्ती टेकडीकडं पळाली. देवळाचं फाटक बंद होतं. आतून ढोल वाजत होता, पूर उतरावा म्हणून. बाहेर माणसं वाहून गेली.

"दार उघडलं न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई."

"देऊळ कुनाचं व्हतं?"

मी दाराकडं बघितलं. अप्पांचं तोंड अजून बाहेरच होतं. "बुद्धाचं," मी म्हणाले.

कट्ट्यावरून हॉटेलवाला म्हणाला, "म्हंजी जपानात बी हायच की, जपानी."

अप्पांची मान थोडी खाली गेली, ते मला इतक्या लांबून दिसलं. आणि मी काही म्हणायच्या आत आत्या वळून बसली.

"हाय की," ती म्हणाली. "तिथं बी तुमी हाव. मंग आमी असनारच."

आधी बायका हसल्या, मग पुरुष, आणि शेवटी कट्ट्यावरचे दोघं-तिघं. हॉटेलवाल्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. माझ्या आत्यानं एकाही पत्रकाचा कागद कधी वाचला नव्हता, आणि तिला कुणाला धडा शिकवायचा होता असंही नाही. तिला तिच्या माणसांची गोष्ट अर्ध्यात तोडलेली आवडली नव्हती, एवढंच. "सांग पुडं," ती मला म्हणाली.

पुढं थोडंच होतं. बाई मोजणीदाराकडं एकच गोष्ट मागते: आम्हाला नकाशात काढ. तो कागद पसरून बसतो. वरून ढोल ऐकू येतो. पुस्तक तिथं संपतं.

"मंग काडलं का?"

हे अप्पा विचारत होते. तोंड आत वळलेलं होतं. केव्हा वळलं, मला कळलं नाही.

"ते लिहिलेलं न्हाई, अप्पा."

"असं कसं? कामून सोडलं अर्धं?"

"तिकडची जुनी रीत आहे. शेवटचं बोलायचं न्हाई, ऐकणाऱ्यावर सोडायचं."

"आपल्या कागदात असं सोडत न्हाईत," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा हशा झाला. पण प्रश्न सुटला नाही. कुणी म्हणालं, काढलं असणार, दोनदा ऐकून घेतलं म्हणजे काढणारच. कुणी म्हणालं, सरकारी माणूस, वरचा साहेब विचारील म्हणून घाबरला असणार. आमच्या गावची सडक अप्पांच्याच गँगनं केली होती आणि ती वस्तीच्या अलीकडं थांबली होती. त्याची कुणी आठवण काढली नाही, पण वाद ज्या जोरानं चालला होता त्यावरून ती सगळ्यांच्या मनात असावी. कट्ट्यावरचे लोकही त्यात पडले. खीर वाटून झाली तरी वाद चालूच होता.

माझ्या प्रबंधिकेचा शेवटचा अध्याय त्या वादातून आला. जुनी रीत ऐकणाऱ्यावर काम सोडते, आणि नवा लेखक ते काम कुणावर सोडायचं ते निवडतो, असं मी त्यात लिहिलं. मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मी आत्याचं आणि अप्पांचं सांगितलं. "त्यांचे आभार मान, माझ्याआधी," त्या म्हणाल्या. मी तसेच मानले, आभाराच्या पानावर, कुणाचं नाव न घालता.

पण ते नंतर. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आले. वाटेत ते माझ्यापुढं भराभर चालत होते. माझ्यावर राग आहे की स्वतःवर, मला कळेना. फाट्यावरच्या बाभळीखाली त्यांनी पिशवी ठेवली, रुमालानं तोंड पुसलं आणि सडकेकडं बघत म्हणाले, "काल पयलं मी ऐकलोच न्हाई. डोस्क्यात राग व्हता. कुठून सुरू झालं ते?"

मी सांगायला लागले. एक मोजणीदार होता. आणि मग थांबले, कारण पुस्तक असं सुरू होत नाही. पुस्तकाचं पहिलं अख्खं पान नदीवरच्या धुक्याचं आहे, लव्हाळ्याचं, पाण्यावरून उडालेल्या एका पाखराचं. ते राजवाडी सजावट म्हणून मी काल गाळलं होतं. आता मी तिथून सुरू केलं. थंडीचे दिवस लागले होते, अप्पा. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

अप्पा खाली उकिडवे बसले. मोजणीदार अजून गावात पोचला नव्हता तेवढ्यात हुमनाबादची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडून माझ्याकडं बघितलं.

"जाऊ द्या," अप्पा त्याला म्हणाले. "मागच्या गाडीला बसंल ती."